इतर हक्क

पहिल्या रविवारी प्लॉट बघायला गेले
ती त्यांच्याच गाडीतून, एसी लावलेल्या.
वाघोलीच्या पुढे, कोलवडीकडे,
फक्कीनं आखलेले चौकोन,
फुग्यांची कमान, समोसा, कोल्ड्रिंक.
"मॅडम, पुढच्या दिवाळीला दुप्पट."
मी मान हलवत राहिले.
गुंठा म्हणजे किती, हे विचारायची लाज वाटत होती.

माझं काम कवळ्या करण्याचं.
नारायण पेठेत, पोटमाळ्यावर, बारा वर्षं
प्लास्टरच्या जबड्यांवर
दुसऱ्यांचं हसू घासून गुळगुळीत करते.
त्यातून साठलेले साडेसहा लाख
एफडीत कूस न बदलता झोपलेले.

त्या रात्री वही उघडली:
एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट.
खाली, दोन रेघा मारून:
समोसा खाल्ला म्हणून सही करायची नसते.

पायगुडे आले ते कवळी टोचते म्हणून,
डॉक्टरला वगळून थेट जिना चढून.
निवृत्त भूकरमापक.
मुळशी, हवेली, दौंडचे बांध
साखळी ओढत तुडवलेला माणूस.
मी डावी दाढ घासून दिली, पैसे घेतले नाहीत.
म्हटलं, मला सातबारा वाचायला शिकवा.

मग दर गुरुवारी
दात टेबलावर काढून ठेवून ते शिकवत,
अर्धे शब्द नुसती हवा.
"सातवर जमीन कुणाची, बारावर तिच्यात काय उगवतं."
"नकाशातला रस्ता पायानं चालून बघ."
"मे महिन्यात जा. एजंटाला नको, टँकरवाल्याला विचार."
"कंसातलं नाव गेलेलं असतं.
का गेलं, ते फेरफारात शोधायचं."
रेडी रेकनर हे मला तोवर
एखाद्या मिक्सरचं नाव वाटायचं.

अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून
निबंधकाच्या कचेरीत बाकावर नुसती बसले.
कॅमेऱ्यापुढे लोक डोळे ताणून बसत,
अंगठा देत, आणि उठताना
खिसे चाचपत,
काहीतरी विसरल्यासारखे.

मे महिन्यात
पंधरा रुपयांत कोलवडीचा उतारा काढला.
मालकाच्या रकान्यात तिघे भाऊ.
बाजूला, इतर हक्कांच्या खाली,
बारीक अक्षरात एक नाव: गजराबाई.
एजंट हसला.
"बहीण आहे हो ती. येईल अंगठा द्यायला."

गजराबाई थेऊरला सापडल्या,
सुपात ज्वारी पाखडताना.
मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं,
अगदी समोशासकट.
सूप थांबलं.
"माझं नाव हाय व्हय अजून त्यात?"
मोबाइल पुढे धरला.
त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं
तशी स्क्रीन सरकली, नाव निसटलं.
मी परत आणलं. पुन्हा निसटलं.
तिसऱ्यांदा त्यांनी बोट न टेकवता
नुसतं वर धरलं,
चुलीच्या धगीवर धरतात तसं.

"मला इचारायला कुणी आलं न्हाई," म्हणाल्या,
आणि हसल्या. खालच्या जबड्यात दोनच दात.

प्लॉट घेतला नाही.
पायगुड्यांना सांगितलं तर म्हणाले,
बरं, आता आठ-अ काढ बघू.
शाबासकी वगैरे काही नाही.

काल परत त्या गाडीवाल्यांचा फोन.
नवीन साइट, पिरंगुट, डोंगराचा व्ह्यू.
मी म्हटलं, आधी गट नंबर पाठवा.
पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

एफडी अजून झोपलेलीच आहे.
उताऱ्याची प्रिंट काढून, प्लास्टिकमध्ये घालून
रविवारी थेऊरला द्यायची आहे.
वहीत गट नंबरांच्या रांगेखाली
नवी नोंद केली:
गजराबाई, खालचा जबडा.
माप घ्यायचं.